गैरहजराला शून्य

आंबेथळच्या शाळेत भिंतीवर दोन चित्रं होती. एक बादशहाचं, त्याला वाळवी लागली होती. दुसरं महिपती मास्तरानं स्वतःच्या हातानं काढलेलं. त्या चित्रात माणूस नव्हता, देव नव्हता, नुसत्या दोन रेघा होत्या. निळी रेघ पावसाची आणि तांबडी पास झालेल्या पोरांची. ज्या साली निळी वर चढली त्या साली तांबडी खाली कोसळली, आणि निळी खाली उतरली की तांबडीनं पुन्हा डोकं वर काढलं. आंदर मावळातली माणसं येता-जाता त्या रेघांकडं बघायची आणि मास्तराच्या डोक्याचं कौतुक करायची. याच रेघा पुढं शाळेच्या गळ्याभोवती आवळल्या जाणार आहेत हे कुणाला कळलं नाही. मास्तरालाही नाही.

साल एकोणीसशे छत्तीस. महिपती जांभूळकर व्हर्नाक्युलर फायनल पास झालेला माणूस. त्यापुढचं सगळं त्याचं तो शिकला. पुण्याच्या जुन्या बाजारात त्याला संख्याशास्त्राचं एक इंग्रजी पुस्तक मिळालं. डिक्शनरी शेजारी ठेवून त्यानं ते तीन पावसाळे वाचलं. लोणावळ्याच्या दवाखान्यात पाऊस मोजायचं नळकांडं होतं. तिथल्या कंपाउंडरची मनधरणी करून त्यानं मागच्या वीस वर्षांच्या पावसाचे आकडे उतरवून आणले. शाळेचे निकाल त्याच्याकडं होतेच. दोन गोष्टी एकमेकींच्या किती पाठोपाठ चालतात, याचा एक आकडा त्या पुस्तकातल्या रीतीनं काढता येतो. शून्य आला तर एकीचा दुसरीशी काही संबंध नाही. एकाच्या जवळ आला तर एकीचा पदर दुसरीला बांधलेला. आणि वजा एकाच्या जवळ आला तर एक चढली की दुसरी पडायचीच. मास्तराचा आकडा वजा निघाला, आणि एकाला टेकायला आला होता.

हे सगळं त्यानं केलं ते आवणीच्या सुट्टीसाठी. आषाढात भाताची रोपं लावायला घरातलं प्रत्येक माणूस खाचरात लागतं. पोरंसुद्धा. म्हणून त्या दिवसांत शाळेला सुट्टी द्यावी, असा गावाचा जुना हट्ट होता, आणि शाळा चालवणारं लोकल बोर्ड दर साली तो अर्ज केराच्या टोपलीत टाकत होतं. यंदा मास्तरानं अर्जाला आकडा जोडला. पाऊस वाढला की निकाल पडतो. तेव्हा पावसात शाळा नको. शाळा समितीचे अध्यक्ष रखमाजी पाटील खूश झाले.

"मास्तर, ह्यो आकडा म्हंजे बंदूक हाय बंदूक," ते म्हणाले. "आता बोर्डाला काय बोलाया येतंय?"

बंदूक होतीच. तिचं तोंड कुणीकडं आहे तेवढं बघायचं राहून गेलं होतं.

शाळा तपासणारे डिप्टी साहेब दर आषाढात लोणावळ्याला हवा खायला यायचे. बंगला, भजी, गळ्यात धुकं बघायची दुर्बीण. हा सगळा खर्च दौऱ्यात घालता यावा म्हणून मावळातल्या शाळांची वार्षिक परीक्षा त्यांनी आषाढातच ठेवली होती. वीस वर्षं हाच रिवाज. आधीच्या साहेबांनी पाडला, यांनी पाळला. डिप्टींनी मास्तराचा कागद वाचला, त्याची पाठ थोपटली, तळेगावच्या हेडमास्तरकीची गोष्ट काढली. आणि महिन्यानं जो खलिता आला तो मास्तरानं शाळेच्या ओसरीवर उभ्यानं वाचला.

डिप्टींनी त्याच आकड्यावर स्वतःचा निबंध लिहिला होता. अतिवृष्टीच्या मुलखातल्या दमट हवेनं मुलांची बुद्धी मंदावते, हे आता गणितानं सिद्ध झालं आहे. अशा मुलखात शाळांवर खर्च करणं म्हणजे पाण्यात टाकणं. आंबेथळची शाळा बंद करावी, आणि ज्यांना परवडेल त्यांनी मुलं तळेगावला ठेवावीत. सोमवारी लोणावळ्याच्या बंगल्यात बोर्डाची कमिटी बसणार होती. मास्तरानं रेघांचा तक्ता घेऊन हजर राहावं.

मास्तरानं खलिता रखमाजी पाटलांना वाचून दाखवला. पाटील पानाला चुना लावता लावता थांबले, मग पुन्हा लावू लागले.

"वाईट झालं," ते म्हणाले. "पर आमची पोरं काय, मामाकडं ऱ्हातील तळेगावला. तुमाला बी हेडमास्तरकी मिळतीया. वाईटातनं चांगलं."

"आबा, अन् ठाकरवाडीची पोरं?"

"त्येंचं काय?" पाटील म्हणाले. खरंच विचारल्यासारखं विचारलं त्यांनी. जणू ओढ्यापलीकडं कुणी राहतं हे त्यांना आत्ताच कळत होतं.

ओढ्यापलीकडं ठाकरवाडी होती. गावापासून धोंडा फेकला तर पडेल एवढ्यावर ओढा, आणि त्याच्या पलीकडल्या टेकाडावर ठाकरांच्या खोपट्या. तिथली अकरा पोरं शाळेत यायची. त्यांना तळेगावात मामा नव्हता.

दुसऱ्या दिवशी भागूबाई आली. डोक्यावर इरलं, हातात रानभाजीची पाटी. ठाकरवाडीची माणसं देवालाही अरे म्हणतात, मास्तर कोण लागून गेला? ती ओसरीवर चढली, इरलं भिंतीला टेकवलं आणि त्या रेघांसमोर उभी राहिली.

"ह्येच का ते?"

"काय ते?"

"आमच्या चिमीचं डोकं पावसानं कुजलंय म्हनून ल्हिवलंयास ते."

"मी तसं न्हाई लिहिलं, भागूबाई."

"मंग कुनी? तुजा साहेब म्हनतोय मास्तरानं आकडं दिलं." तिनं बोट उचललं आणि तांबडी रेघ जिथं खड्ड्यात गेली होती तिथं टेकवलं. "ह्ये कवाचं?"

"गेल्या सालचं."

"गेल्या साली परीक्षेला चिमी हितं व्हती का रं?"

मास्तरानं त्या खड्ड्याकडं बघितलं.

"वढ्याच्या पल्याड बसून रडत व्हती. पानी छातीला. म्या सोडलं न्हाई. तिच्या संगं समदी पोरं. अन् तू काय दिलंस तिला? भोपळा!"

"बोर्डाचा नेम हाय तो. गैरहजराला शून्य."

"मंग त्यो भोपळा वढ्याला दे की! परीक्षेला वढा आडवा आला. चिमी का नापास?" तिनं इरलं उचललं. "लय शिकलास बाबा. आमी पोरं धाडतो ती तुजी शून्यं भराया, व्हय?"

ती गेली. रानभाजीची पाटी तिथंच राहिली. मास्तर त्या पाटीकडं बघत बसला.

त्याला हे माहीत नव्हतं असं नाही. ते शून्य दर साली त्यानंच मांडलं होतं. पूर यायचा, ठाकरांची पोरं पलीकडं अडकायची. आवणी भरात असायची, गावातली अर्धी पोरं खाचरात असायची. आणि साहेब खुर्चीवर बसून नाव पुकारायचे. हाकेला ओ नाही, शून्य. पुढचं नाव. एवढ्या वर्षांत त्या शून्याखाली पोर आहे हे दिसेनासं झालं होतं. कुठल्याही दुसऱ्या मुलखातल्या हिशोब्यानं आधी विचारलं असतं, की पोर परीक्षेला बसलं होतं का? हा आंबेथळचा. याला शून्याची सवय झाली होती.

त्यानं सगळी शून्यं काढून टाकली. जी पोरं खरंच पाटी घेऊन साहेबांसमोर बसली होती तेवढीच धरली आणि आकडा पुन्हा काढला. एकदा काढला, चूक असेल म्हणून पुन्हा काढला. आकडा शून्याच्या आसपास रेंगाळला. पाऊस धो धो पडो की रिमझिम, बसलेली पोरं दर साली सारखीच पास होत होती. पावसानं कुणाचं डोकं कुजवलं नव्हतं. पावसानं रस्ता अडवला होता, आणि परीक्षा त्या अडलेल्या रस्त्यावर मांडली होती लोणावळ्याच्या भज्यांसाठी.

आकडा धुऊन निघाला तसा आवणीच्या सुट्टीचा आधारही गेला. ते पाटलांच्या चटकन ध्यानात आलं.

"मास्तर, गप ऱ्हावा," ते म्हणाले, आणि या वेळी आवाजात लाडीगोडी नव्हती. "आकडा फिरवला तर सुट्टी बी गेली, हेडमास्तरकी बी गेली. अन् वर साहेबाची खप्पामर्जी. कुनासाटी? ठाकरांसाटी?"

"आबा, ती पोरं माझ्या पटावर हायेत."

"पटावर तर सरकारी गोदामातली मांजरं बी असत्यात," पाटील म्हणाले आणि उठून गेले.

सोमवारी मास्तर पहाटे निघाला. कामशेतपर्यंत चिखल तुडवला, तिथून गाडीनं लोणावळा. बंगल्याच्या दिवाणखान्यात कमिटी बसली होती. मधल्या खुर्चीवर अध्यक्ष, एक रिटायर मामलेदार, कानानं थोडे कमी पण डोळ्यांनी तिखट. बाकीचे बशीतली भजी संपवत होते. डिप्टींनी निबंध वाचला. चांगला वाचला. दमट हवा, मंद रक्ताभिसरण, गणिती सिद्धता. वाचून झाल्यावर त्यांनी मास्तराकडं हात केला, दुकानदार माल दाखवतो तसा.

"जांभूळकर, तक्ता दाखवा."

मास्तरानं तक्ता उलगडलाच नाही. सुरळी तशीच काखेत.

"साहेब, हा तक्ता चुकीचा आहे."

भजी खाणारं तोंड थांबलं.

"म्हणजे? आकडे खोटे आहेत?"

"आकडे खरे. त्यांचा अर्थ खोटा. आणि तो पहिल्यांदा मीच लावला, साहेबांनी नंतर." एकदा तोंड उघडल्यावर ते मिटेना. "यात परीक्षेला न आलेली पोरं नापास धरली आहेत. ओढ्याला पूर म्हणून न आलेली, ठाकरांची. ती वगळली तर पावसाचा आणि निकालाचा काहीही संबंध राहत नाही. मी पुन्हा काढून आणलंय. बुद्धी मंद नाही साहेब, तारीख वाईट आहे. परीक्षा मार्गशीर्षात घ्या. वाटा कोरड्या असतात, भात घरात आलेलं असतं."

"परीक्षेची तारीख ठरवणं हे तुमचं काम नाही."

"मग आषाढातच का, तेवढं सांगा साहेब."

आषाढातच का, हे प्रत्येकाला माहीत होतं. प्रत्येकानं त्याच आषाढाची भजी खाल्ली होती. डिप्टींच्या गळ्यातली दुर्बीण अचानक लय मोठी दिसू लागली. कोपऱ्यातला एक सभासद खोकला, आणि तो खोकला नव्हता.

"हा मनुष्य," डिप्टी म्हणाले, शब्द दातांनी तोडत, "गेल्या महिन्यात एक आकडा देतो, या महिन्यात दुसरा. याच्यावर विश्वास कशाचा ठेवायचा? ठाकरांची पोरं पास होतात म्हणे! कुणी पाहिलीत?"

"तुम्ही पाहा की," अध्यक्ष म्हणाले. इतका वेळ त्यांना ऐकू येत नव्हतं असं सगळे समजत होते. "गुरुवारी तिथलीच परीक्षा आहे ना? स्वतः जा, ठाकरांची मुलं तपासा. बहुतेक पास झाली तर शाळा राहील. नाही तर बंद. रिपोर्टावर तिथल्या शाळा समितीच्या अध्यक्षाची सही आणा, म्हणजे पुन्हा वाद नको."

मास्तर पायऱ्या उतरत होता तेव्हा डिप्टी व्हरांड्यात आले.

"जांभूळकर, नियम तोच बरं का. गैरहजराला शून्य."

आणि मंगळवारी आभाळ फाटलं.

बुधवारी दुपारी ओढा मांडीला होता. पोरांना आजच अलीकडं आणून शाळेत झोपवायचं, एवढं मास्तरानं ठरवलं. काठी टेकत तो पलीकडं गेला. खोपट्या-खोपट्यांतून पोरं गोळा केली, पाट्या शोधल्या, आणि अकरा पोरं घेऊन काठावर आला तोवर वरच्या डोंगरातलं पाणी उतरलं होतं. मांडीचं पाणी डोक्यावर गेलं होतं. एक आख्खं झाड वाहत गेलं. एका लहान्यानं पुढं पाय टाकला, तर भागूबाईनं त्याच्या पाठीत असा धपाटा घातला की तो मागं जाऊन बसला.

"झालं," ती म्हणाली. "भर आता शून्यं. यंदा तू बी हिकडं. तुला बी येक घाल."

गुरुवारी सकाळी पाऊस तसाच. पलीकडच्या काठावर छत्र्या दिसल्या. डिप्टी साहेब आले होते, बैलगाडीतून, बूट चिखलानं भरलेले. शेजारी रखमाजी पाटील घोंगडी पांघरून. शाळेत दोन-चार पोरं होती, बाकी गाव आवणीला गेलेलं. डिप्टींनी ओढ्याकडं पाहिलं, आणि लांबूनसुद्धा मास्तराला दिसलं, की ते हसले.

पाटलांनी हाळी दिली. डोंगरातल्या माणसाची हाळी, पाण्याच्या आवाजावरून पलीकडं जाते.

"मास्त-अ-र! साहेब म्हनत्यात, येतायसा का न्हाई? न्हाईतर गैरहजर!"

मास्तर मागं वळला. त्यानं अकरा तोंडांकडं पाहिलं. मग डिप्टींच्या गळ्यात काहीतरी चमकलं, आणि त्याला दुर्बीण दिसली.

"आबा!" तो ओरडला. "पोरं हितं हायेत! साहेबांना म्हनावं, सवाल विचारा! पाट्या दाखवतो! दुर्बिणीतनं बघा!"

पलीकडं बराच वेळ बोलणं चाललं. डिप्टी मान हलवत होते. पाटील हातवारे करत होते. शेवटी पाटलांची हाळी आली, "बरं म्हनत्यात! पर तुमी पोरांपासनं लांब उभं ऱ्हावा!"

पेन्सिलीचं अक्षर एवढ्या लांबून दिसणार नव्हतं, आणि पाऊस पाटी धुऊन टाकणार होता. मास्तर डोकं धरायच्या बेतात होता, तेवढ्यात भागूबाईनं कमरेची चंची सोडली आणि चुन्याची डबी दगडावर आपटून ठेवली.

"ह्येच्यात बोट बुडवा. म्होटं म्होटं ल्हिवा. अन् इरली धरा रं कुनी!"

बायांनी पोरांच्या डोक्यांवर इरली धरली. अकरा इरल्यांखाली अकरा पाट्या. मास्तर वीस पावलं मागं गेला, हात पाठीमागं बांधले, आणि साहेबांना दिसावं म्हणून पाठ वळवून उभा राहिला. पोरांची तोंडं त्याला दिसत नव्हती. पाटलांचा आवाज तेवढा ऐकू येत होता.

"तेरा सत्ते कि-ती-ई?"

चुन्यात बोटं बुडाली. पाट्या वर गेल्या असाव्यात. मग पाटलांनी पुढचा सवाल दिला, तेव्हा मास्तरानं श्वास सोडला.

"शंभरातनं सदतीस गेलं, ऱ्हायलं कि-ती-ई?"

या वेळी पलीकडून डिप्टींचा बारीक आवाज आला, आनंदाचा. कुणाची तरी पाटी चुकली होती. मास्तराची मान वळायला लागली, ती त्यानं आवळून धरली. मागून भागूबाई दबक्या आवाजात शिव्या देत होती, कुणाला ते कळत नव्हतं.

सवाल येत राहिले. सवालागणिक पाटलांचा आवाज बदलत गेला. आधी तराळानं दवंडी द्यावी तसा होता. मग त्यात कुस्तीच्या फडातला जोर आला. पाचव्या सवालाला पाटील ओरडले, "ल्हिवा रं पोरांनू! साहेब बगतोय! घाबरू नगा!" हे साहेबांनी नक्कीच सांगितलं नव्हतं.

मग पाण्याच्या आवाजाशिवाय काही राहिलं नाही. मास्तरानं वळून पाहिलं. पोरांची बोटं चुन्यानं पांढरी आणि लाल झाली होती. चिमी तिची पाटी अजून वर धरून उभी होती, खाली घे म्हणून तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

पलीकडं डिप्टी छत्रीखाली कागदावर लिहीत होते. पाटील त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत होते. पाटलांना वाचता येत होतं. मास्तरानंच शिकवलं होतं, दोन हिवाळ्यांपूर्वी, कुणाला न सांगता. अचानक पाटील ताठ झाले आणि ओढ्याकडं वळले.

"मास्तर! ह्ये गैरहजर ल्हिवत्यात! समद्यांना! पोरं साळंत न्हाईत, पल्याड हायेत म्हनून!"

मास्तराला राग आला नाही. रागाच्या पलीकडं काहीतरी आलं, आणि ते आलं ते थेट तोंडातून बाहेर पडलं.

"आबा! साहेबांना सांगा! मास्तर हितं, पोरं हितं, पाट्या हितं! म्हंजे साळा हितं हाय! पल्याड तुमी हाय! गैरहजर साहेब हाय!"

हे सांगायचं की नाही याचा विचार पाटलांच्या उभं राहण्यातही दिसत होता. मग ते डिप्टींकडं वळले. काय बोलले ते ऐकू आलं नाही, पण सगळं सांगितलं असणार, कारण डिप्टींच्या हातातली छत्री वाकडी झाली. डिप्टींनी कागद सहीसाठी पुढं केला. पाटलांनी हात घोंगडीत घातले आणि बाहेर काढलेच नाहीत. डिप्टींनी पुन्हा कागद पुढं केला. पाटलांनी मान हलवली, आणि एवढ्या मोठ्यानं बोलले की वाडीच्या काठावर सगळ्यांना ऐकू गेलं,

"म्या डोळ्यांनी बघितलंय साहेब! अकरातली धा बरूबर! हजर ल्हिवा, तवा सही!"

पाऊस दोघांवर सारखाच पडत होता. शेवटी डिप्टींनी ओळी खोडल्या, वर काहीतरी लिहिलं, आणि पाटलांचे हात घोंगडीबाहेर आले.

कमिटीचा हुकूम श्रावण संपता संपता आला. शाळा राहिली. परीक्षा यापुढं मार्गशीर्षात. आवणीच्या सुट्टीचा अर्ज नामंजूर, कारण पावसाचा निकालाशी संबंध नसल्याचं शिक्षकानंच दाखवून दिलं होतं. त्यावरून पाटील मास्तराशी महिनाभर बोलले नाहीत. सोबत आणखी एक कागद होता, मास्तराच्या नावाचा. तो त्यानं रेघांच्या तक्त्याच्या रिकाम्या खिळ्याला टांगला.

भागूबाई तिची रानभाजीची पाटी परत न्यायला आली तेव्हा तिला भिंत बदललेली दिसली.

"ह्ये काय नवीन?"

"बोर्डानं ताकीद दिलीय मला," मास्तर म्हणाला. "चुकीचे आकडे पुरवल्याबद्दल."

भागूबाईनं तो कागद खालून वर बघितला, वाचता येत असल्यासारखा.

"मंग खरं हाय की," ती म्हणाली आणि पाटी काखोटीला मारून ओढ्याकडं गेली.